बाप्तिस्म्यानंतरचे घर : महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांना जाहीर आवाहन

महाराष्ट्रातील सर्व ख्रिस्ती मंडळ्या व धर्मग्रामे, त्यांचे पाळक, धर्मगुरू आणि सभासद यांस सविनय आवाहन करण्यात येते की, आपल्यातील एकही शिष्य एकटा राहणार नाही, ही जबाबदारी प्रत्येक मंडळीने स्वतःहून स्वीकारावी. शिष्यत्व, म्हणजे येशूच्या मागे चालत त्याच्या शिकवणीप्रमाणे आयुष्य घडवणे, हे प्रवचन ऐकून पुरे होत नाही. त्यासाठी आध्यात्मिक कुटुंब, म्हणजे रक्ताच्या नात्याने नव्हे तर विश्वासाने जोडलेली आणि एकमेकांच्या सुखदुःखाला बांधलेली माणसे, लागते.

मार्ककृत शुभवर्तमानानुसार येशूने बारा जणांना निवडले ते प्रथम आपल्या सहवासासाठी आणि मग उपदेशास पाठवण्यासाठी, आणि पाठवतानाही त्याने त्यांना जोडीजोडीनेच पाठवले. देवाच्या इच्छेप्रमाणे वागणाऱ्यांना त्याने आपले भाऊ, बहीण व आई म्हटले. तरीही वधस्तंभावरून त्याने जन्मदात्या आईला प्रिय शिष्याच्या हाती सोपवले, यावरून नवे कुटुंब जुन्याला तोडण्यासाठी नाही, हे स्पष्ट होते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात फीबी ही सेविका, घरात मंडळी भरवणारे प्रिस्क व अक्विला हे दांपत्य आणि जिला तो आपलीही आई मानतो ती रूफाची आई, अशा सोबत्यांची नावे आवर्जून येतात.

या भूमीतही तोच अनुभव आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंपासून त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे आल्या, त्यांचे सोवळे-ओवळे हळूहळू सुटले, १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्या घराने अनाथ मुलांनाही आसरा दिला. १९१७ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ म्हणून ‘देवाचा दरबार’ स्थापला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना घर दिले. नातलगांनी दार लावले तेव्हा मंडळीने आपले दार उघडले, म्हणूनच मराठी ख्रिस्ती समाज उभा राहिला.

आज एकटेपणाचे रूप बदलले असले, तरी तो संपलेला नाही. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गाव सोडून पुण्या-मुंबईत आलेले तरुण, मुले परदेशी गेल्यामुळे एकटे पडलेले वृद्ध, विधवा आणि नवविश्वासी यांना रविवारी उपासना संपल्यावर दाराशी सलाम होतो. परंतु पुढच्या रविवारपर्यंत ते जेवले का, आजारी आहेत का, हे विचारणारे कोणी नसते.

म्हणून येत्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळापासून, प्रत्येक मंडळीने अशा सभासदांची यादी करावी आणि प्रत्येकाच्या संमतीने त्याला जवळच्या दोन-तीन घरांशी जोडून द्यावे. या घरांनी त्याला महिन्यातून एकदा तरी जेवायला बोलवावे, त्याच्याबरोबर शास्त्रवाचन व प्रार्थना करावी, आणि दवाखाना, परीक्षा वा शोक अशा प्रसंगी न बोलावता जावे. प्रौढ विश्वासूंनी धर्ममाता-धर्मपित्याचे नाते, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी विश्वासातील संगोपनाचे दिलेले वचन, त्या दिवसापुरते न ठेवता आयुष्यभर निभवावे.

मात्र जवळीक म्हणजे ताबा नव्हे. सोबत्याने कोणाच्या पैशांवर, विवाहावर वा निर्णयांवर हुकूम चालवू नये, कोणालाही आईवडिलांपासून तोडू नये, आणि मुले व स्त्रिया यांच्याशी एकांतात भेटी न ठेवता मंडळीच्या माहितीत व्यवहार ठेवावा. ज्याचा विश्वास डळमळला असेल त्याचे गुपित मात्र चव्हाट्यावर आणू नये, आणि कोणावर अन्याय होत असल्याचे कळल्यास ते गुपित म्हणून झाकूही नये.

देवाच्या घरात कोणी पाहुणा म्हणून राहू नये, यासाठी प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने या आठवड्यातच आपल्या शेजारच्या एका एकट्या शिष्याच्या दारी जावे, अशी कळकळीची विनंती आहे.