डायरेक्ट करू नका

‘साहेब, तो आरसीसीबी सारखा पडतोय. माणूस पाठवा आणि डायरेक्ट करून टाका.’

हा फोन ज्याला कधी आला नाही असा वीज ठेकेदार सातपूर-अंबडपासून सिन्नरपर्यंत शोधून सापडणार नाही. फोन करणाऱ्याची अडचण खरी असते. मोल्डिंग मशीन मध्येच थांबलेले, बॅरलमधला माल थिजत चाललेला, पाळी सुटायची वेळ झालेली. वायरमन जातो, इनकमिंगच्या वायरी सरळ आउटगोइंगला जोडतो, मशीन सुरू होते. आरसीसीबी पॅनेलमध्ये आपल्या जागी राहतो, दांडी वर. बघणाऱ्याला वाटते, संरक्षण आहे. ते नाही हे कळते ते कोणाचा तरी ओला हात त्या मशीनला लागल्यावर.

वीजवितरणातल्या नव्या, सुरक्षित तंत्राचा प्रसार वाढतो आहे, असे आपण मासिकामागून मासिक लिहितो आणि ते खरेही आहे. किटकॅट फ्यूजमध्ये हाताला येईल ती तार घालण्याचा काळ मागे पडला. एमसीबी आता चाळीतल्या खोलीतही दिसतो. मोबाइलवर रीडिंग दाखवणारे एसीबी, बसबारचे तापमान सांगणारे सेन्सर, आर्कचा उजेड दिसताच काही मिलिसेकंदांत ब्रेकरला आज्ञा देणारे रिले मध्यम कारखान्यांच्या अंदाजपत्रकांतही येऊ लागले आहेत. पण ही उपकरणे किती खपली, यावर सुरक्षिततेचा हिशेब मांडता येत नाही. त्यांतली किती सर्किटमध्ये राहिली, हे मोजावे लागते. आणि ते मोजायला गेले की त्या फोनपाशी यावे लागते.

हा हिशेब नाशिककरांनी जरा जास्तच काटेकोरपणे मांडायला हवा. सातपूरला एबीबी, अंबडला सीजी पॉवर म्हणजे आपले जुने क्रॉम्प्टन ग्रीव्हज, सिन्नरला लेग्रांड. स्विचगिअर हा या जिल्ह्याचा धंदा आहे. शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळा आली आहे. मात्र प्रयोगशाळेतली टाइप टेस्ट ही नमुन्याची परीक्षा असते. त्या नमुन्यासारखे पॅनेल तुम्ही ज्या भिंतीवर टांगले, ज्या केबलला जोडले, ज्या अर्थिंगवर सोडले, त्याची परीक्षा शिलापूरला होत नाही. ती आपणच घ्यायची असते, आणि नेमकी तीच राहून जाते.

आरसीसीबीचेच घ्या. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह सारखा आहे का, एवढेच तो पाहतो. फरक पडला तर तेवढा प्रवाह दुसऱ्या वाटेने, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत चालला आहे असे धरून तो पडतो. साधारण १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. म्हणून प्रवाह झटपट तोडावा लागतो: माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि तेवढ्या गळतीला त्याने ३०० मिलिसेकंदांत पडायचे, पाचपट गळतीला ४० मिलिसेकंदांत. देशात दरवर्षी बारा-तेरा हजार माणसे विजेच्या धक्क्याने जातात. हे उपकरण त्यांतल्या अनेकांच्या आणि मरणाच्या मध्ये उभे राहू शकले असते.

मग तो ‘सारखा’ का पडतो? दहा वेळांपैकी बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो, आपल्या वायरिंगचा असतो. जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र केलेले असतात. एकाचा प्रवाह दुसऱ्याच्या न्यूट्रलने परततो आणि गळती नसतानाही फरक दिसतो. कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलेला असतो. कुठे व्हीएफडी, संगणक आणि एलईडीचे ड्रायव्हर यांची थोडी थोडी गळती एकाच आरसीसीबीवर साठते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नियमानुसार १५च्या पुढे कधीही पडू शकतो, हे लक्षात न घेता अख्खे शेड त्याच्यावर टाकलेले असते.

यांतल्या प्रत्येक दुखण्याला औषध आहे. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा ठेवा. मुख्य बाजूला उशिराने पडणारा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि शेवटच्या सर्किटांवर ३०चा, अशी उतरंड लावा. म्हणजे एका ग्राइंडरच्या दोषाने पूर्ण शेड बसणार नाही. लीकेज क्लॅम्प लावून गळती कुठून येते ते मोजा, संशयित केबलला मेगर मारा. तासा-दोन तासांचे काम आहे. डायरेक्ट करायला दहा मिनिटे लागतात, एवढाच फरक.

कायद्याची बाजूही नवी नाही. ५ किलोवॉटच्या वरच्या जोडणीला गळतीपासून संरक्षण हवे, ही अट १९५६च्या नियमांतच नंतर घातली गेली होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० आणि २०२३च्या सुरक्षा नियमावल्यांनी तो आग्रह पुढे चालवला. आयएस ७३२ आणि आयएस ३०४३ ही मानके आपल्या प्रत्येकाच्या कपाटात आहेत. निदान असायला हवीत. विद्युत निरीक्षक तपासणीला येतात त्या दिवशी सगळे जागेवर असते. प्रश्न त्यानंतरच्या ३६४ दिवसांचा आहे.

त्यात आता भारही बदलला. व्हीएफडी, ईव्ही चार्जर, सोलर इन्व्हर्टर यांच्या गळतीत डीसीचा अंश असतो. स्वस्त म्हणून आपण सर्रास वापरतो तो एसी प्रकारचा आरसीसीबी अशा गळतीपुढे आंधळा होऊ शकतो. तिथे ए प्रकार लागतो, काही ठिकाणी बी. छतावरच्या सोलरमध्ये डीसीच्या बाजूला एसीचा एमसीबी बसवणारेही आहेत. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी तिथे विझते. डीसीला तो शून्य नाही, त्यामुळे ठिणगी जळतच राहते. डबी तीच, रंग तोच, म्हणून काम तेच होईल असे नाही. हेही एका अर्थी डायरेक्ट करणेच झाले. उपकरण बसले, पण त्याचे काम वगळून.

‘स्मार्ट’ या शब्दाने गोंधळ आणखी वाढवला आहे. महावितरणचे नवे मीटर बसत आहेत. दिवसा ९ ते ५ या वेळेत वापरलेल्या विजेला घरगुती ग्राहकांना जुलै २०२५पासून युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. वापर दिवसा सरकावा म्हणून हे ठीकच. पण मीटर युनिट मोजतो, माणसाला वाचवत नाही. ‘आता स्मार्ट मीटर आहे, वेगळा आरसीसीबी कशाला?’ असे ग्राहक विचारतो तेव्हा हसून सोडू नका. दोन मिनिटे बसून त्याला समजावून सांगा.

कारखान्यातल्या स्मार्ट एसीबीची कथा तर आणखी मजेशीर. लाखाच्या घरातले रिलीज युनिट घ्यायचे आणि सेटिंग कंपनीतून आले तसेच ठेवायचे. खालचा एमसीसीबी आणि वरचा एसीबी एकाच वेळी पडतात, मग सेटिंग आणखी वर. तापमानाचा अलार्म रोज वाजतो, म्हणून मोबाइलवर म्यूट. ढिला जॉइंट तापत राहतो आणि त्याची नोंदही होत राहते, पण ती नोंद कोणी वाचत नाही. हे डिजिटल डायरेक्ट. यात वायरही जोडावी लागत नाही.

सगळीकडे पाडणे हे उत्तर आहे, असेही नाही. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बाळे गेली. चौकशीचे बोट विजेच्या बिघाडाकडेच गेले. अशा कक्षात चालू उपचाराची वीज एकदम तोडणेही घातक असते. म्हणून तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि इन्सुलेशनवर सतत नजर ठेवणारे उपकरण लागते. पहिला दोष आला की ते पुरवठा तोडत नाही, इशारा देते. खरे हुशार तंत्र ते. पण इशारा ऐकायला रात्रपाळीत कोणीतरी शिकलेला माणूस असेल, तरच ते हुशार.

आता पुढ्यात सिंहस्थ आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला, पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला, दुसरे ३१ ऑगस्टला, तिसरे नाशिकला ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरी १२ला. म्हणजे ऐन पावसाळा, गोदेचा काठ, चिखल, लोखंडी खांबांचे मांडव, अनवाणी माणसे. तपोवनातल्या साधुग्रामापासून घाटापर्यंत हजारो तात्पुरत्या जोडण्या. गणेशोत्सवही त्याच दिवसांत. ‘पडतोय, डायरेक्ट करा’ हा आग्रह एवढ्या मोठ्या आवाजात आपण आजवर ऐकला नसेल. आणि तिथे न ऐकणेही सोपे नाही, कारण गर्दीत अंधार होणे हाही धोकाच.

म्हणून तयारी आत्ता हवी. शेवटच्या प्रत्येक बोर्डावर ३०चा आरसीसीबी आणि वर उतरंड, म्हणजे एका मांडवाच्या दोषाने घाट अंधारात जाणार नाही. बोर्ड जमिनीपासून उंच आणि पाणी न शिरणारे. उघड्या वायरींच्या गाठी नकोत, औद्योगिक प्लग-सॉकेट हवेत. लोखंडी खांब अर्थ केलेले आणि रोज सकाळी टेस्ट बटण दाबल्याची सहीनिशी नोंद. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणताही आरसीसीबी वगळायचा असेल तर कोणाच्या सांगण्यावरून, किती वेळासाठी, हे कागदावर. तोंडी आज्ञेला सही मागितली की बऱ्याच आज्ञा आपोआप विरतात.

यात ठेकेदाराचेच नुकसान, असे कोणी म्हणेल. सर्वांत कमी दराच्या निविदेत तपासणीला पैसा कुठून आणायचा? तक्रार रास्त आहे. म्हणून तपासणी दरात लपवू नका. अंदाजपत्रकात ती वेगळी ओळ करून लिहा: गळती मोजणे, अर्थ रेझिस्टन्स, सेटिंगचा तक्ता, सहा महिन्यांनी पुन्हा भेट. ग्राहकाने ती ओळ खोडली तर खोडली, पण ती त्याने आपल्या हाताने खोडलेली असेल. खूप जण खोडणार नाहीत, असा आमचा अनुभव सांगतो.

आणि पुढच्या वेळी तो फोन आला की उत्तर तयार ठेवा. माणूस पाठवतो, लगेच पाठवतो. पण तो आधी क्लॅम्प लावील.