पाळणे आणि सोडणे

मराठीत 'पाळणे' या क्रियापदाला दोन कर्मे विशेष शोभून दिसतात. माणूस शब्द पाळतो आणि माणूस कुत्रा पाळतो. भाषेने ही दोन ओझी एकाच क्रियापदावर ठेवली, त्यामागे एक समज आहे: ज्याला आपण पाळले, त्याच्याशी आपण बांधले गेलो. आपल्या शहरी मध्यमवर्गाने अलीकडच्या काही दशकांत या दोन अर्थांची फारकत करून टाकली आहे. हौसेने मोल मोजून जातिवंत कुत्रा घरात आणायचा आणि हौस फिटली, बदली झाली किंवा जनावर म्हातारे झाले की त्याला एखाद्या परक्या वस्तीत सोडून यायचे, हा प्रकार आता अपवादाचा राहिलेला नाही. अशा कुत्र्यांना उचलून आणावे, बरे करावे आणि नवे घर मिळवून द्यावे, हे काम गावोगावी काही तरुण मंडळी पदरमोड करून करीत असतात. त्यांच्याविषयी आपल्या विचारी वर्तुळांतून जो सूक्ष्म उपहास ऐकू येतो, त्याचा प्रतिवाद करणे हा या लेखाचा हेतू आहे.

उपहासामागचे आक्षेप दोन आहेत. पहिला असा की, ही भूतदया पाश्चात्त्यांकडून उसनी घेतलेली आहे. दुसरा असा की, ही श्रीमंतांच्या टाकून दिलेल्या खेळण्यांची चिंता आहे. रस्त्यावर गावठी कुत्रे आणि उपाशी माणसे असताना जातिवंतांचे एवढे कौतुक कशाला?

पहिल्या आक्षेपाचा निकाल लवकर लागतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण इंग्रजांकडून घेतलेले नाहीत. दत्ताच्या पायांशी बसलेली चार कुत्री आणि खंडोबाच्या सोबतचा कुत्राही आपलाच. उलट १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी मुंबईत मोकाट कुत्र्यांची हत्या चालवली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर समाजही त्यात सामील झाले आणि शहराचे व्यवहार बंद पडले. दयेची परंपरा येथलीच आहे. तिचा विसर तेवढा नवा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो न्यायाच्या भाषेत बोलतो. त्याचे उत्तर 'जातिवंत' या शब्दातच दडलेले आहे. माणसांच्या संदर्भात उच्चारताना ज्या कल्पनेची आपल्याला लाज वाटावी, ती आपण कुत्र्याच्या बाबतीत अभिमानाने उच्चारतो. पण कुत्र्याची ही जात निसर्गाने घडवलेली नाही. ती माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडक संकर करून, हव्या त्या रूपासाठी घडवली आहे. पगचे नाक इतके आखूड केले गेले की उन्हाळ्यात त्याला धड श्वास घेता येत नाही. आणि कुत्र्याचे शरीर थंड राहते ते मुख्यतः धापा टाकूनच. हस्की सैबेरियाच्या बर्फावर गाडी ओढणारा. त्याच्या अंगावर केसांचे दुहेरी आवरण. गावठी कुत्र्याला आपली गल्ली, आपली टोळी, उकिरड्याची वेळ आणि दगड उचलणारा हात यांचे ज्ञान असते. रस्त्यावर जगणे ही त्याची विद्या आहे. जातिवंताकडून ती विद्या माणसाने स्वतःच्या शोभेसाठी काढून घेतली. ज्याला आपण परावलंबी घडवले, त्याच्या परावलंबनाची जबाबदारी आपलीच. मग ती उचलणाऱ्याला 'श्रीमंतांचा कैवारी' म्हणणे हा तर्काचा विपर्यास आहे. शिवाय हे कार्यकर्ते प्रत्यक्षात पाहिले तर बहुधा गावठी कुत्र्यांचीही शुश्रूषा करणारेच असतात. आक्षेप घेणारे मात्र सहसा दोन्हींपैकी कोणाचीच करीत नाहीत.

जबलपूरसारख्या शहरात हा प्रश्न उघडावाघडा दिसतो. मे महिन्यात येथला पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तरी हस्कीची हौस कमी होत नाही. हे शहर छावणीचे, तोफा आणि लष्करी वाहने बनवणाऱ्या कारखान्यांचे, उच्च न्यायालयाचे, आणि २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेच्या मुख्यालयाचे, म्हणजे बदल्यांचे. बदलीचा हुकूम येतो, सामान बांधले जाते आणि कुत्र्यापाशी येऊन घर अडते. रेल्वेत त्याला सोबत न्यायचे तर पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे राखून ठेवावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातील पेटीत त्याला एकट्याला कोंडावे लागते. अडचण खरी आहे. परंतु तिच्यावरचा उपाय म्हणून त्याला ग्वारीघाटाच्या गर्दीत सोडून देणाऱ्याने 'ना घर का ना घाट का' ही आपल्या शेजारच्या हिंदीतील म्हण शब्दशः खरी करून दाखवलेली असते. ज्या शहरात १९४८ पासून पशुवैद्यक शिकवले जाते आणि जेथे मराठी मुलखात जन्मलेल्या नानाजी देशमुखांच्या नावाचे पशुचिकित्सा विद्यापीठ उभे आहे, तेथेही ज्ञानाची वाण नसून बांधिलकीची आहे, हे मान्य करावे लागते.

बाजाराने या वृत्तीला खतपाणी घातले. २००३ मध्ये एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत मुलगा जाईल तेथे मागोमाग येणारा पग अवतरला आणि त्या जातीला घरोघर मागणी आली. कुत्रा माणसामागे येतो, हे त्या जाहिरातीने सांगितले; माणूस त्याला कोठवर नेतो, हे सांगणे तिचे काम नव्हते. कायदा याहून उदासीन आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे! कुत्रे विकणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये नियम झाले. नोंदणी सक्तीची झाली, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास मनाई झाली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जाती 'हिंस्र' ठरवून त्यांच्या विक्रीवर व पैदाशीवर बंदी घालण्यास राज्यांना सांगितले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केले. दोष जातीचा की पाळणाऱ्याचा, हा साधा प्रश्न त्या पत्रकाने विचारलाच नव्हता.

आता आपल्या साहित्यव्यवहाराकडे वळू. आपण कुत्र्याच्या इमानाचे गोडवे गायले. माणसाच्या इमानाचा हिशेब मात्र मागितला नाही. रायगडावर वाघ्याचा पुतळा १९३६ मध्ये उभा राहिला, २०१२ मध्ये तो हटवला गेला व पुन्हा बसवला गेला, २०२५ मध्ये पुन्हा वाद पेटला. तो कुत्रा होऊन गेला की नाही, यावर इतिहासकारांनी अवश्य भांडावे. पण धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्यावर एवढी शाई खर्च करणाऱ्या समाजाला, धन्याने जिवंतपणी सोडलेल्या कुत्र्यावर चार ओळी लिहाव्याशा वाटू नयेत, हे लक्षणीय आहे.

महाभारताचा दाखला येथे टाळता येत नाही. महाप्रस्थानात द्रौपदी आणि चारही बंधू पडल्यावर युधिष्ठिरामागे उरतो तो हस्तिनापुरापासून चालत आलेला कुत्रा. त्याला सोड आणि रथात बस, असे इंद्र सांगतो. भावांना आणि पत्नीला सोडलेस, मग याला सोडण्यात काय अडले, असेही विचारतो. युधिष्ठिराचे उत्तर निखळ आहे: ते मृत झाले होते, जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. वर्गावर्गांतून ही कथा शिकवताना आपण घाईने शेवटाकडे धावतो: तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म होता! या रूपकाने कुत्रा गिळून टाकला. नकार देताना युधिष्ठिराला हे ठाऊक नव्हते, यातच त्या नकाराचे सारे मोल आहे. त्याच्या दृष्टीने तो केवळ एक कुत्रा होता, आणि त्याची जात कोणती हे व्यासांनी सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही.

नवे घर शोधणाऱ्या या मंडळींना मात्र जात रोज विचारली जाते. मादी आहे काय, पिल्ले होतील काय, अशी चौकशी करणारा मनुष्य घर द्यायला आलेला नसून भांडवल न्यायला आलेला असतो, हे त्यांना अनुभवाने कळते. सतत वीत घेऊन झिजलेल्या माद्याच पैदासकार टाकून देतात, हेही त्यांनी पाहिलेले असते. म्हणून ते आधी नसबंदी करतात, लस टोचतात, गोचिडतापाचे उपचार करतात, घर पाहून येतात आणि मगच कुत्रा सोपवतात. त्यांच्या करारपत्रांत एक अट बहुधा असते: ठेवणे अशक्य झाल्यास कुत्रा अन्यत्र न देता आमच्याकडेच परत आणावा. हीच अट विक्रेत्यावर कायद्याने का लादू नये? प्रत्येक पिल्लाबरोबर विकणाऱ्याची खूण आणि घेणाऱ्याची सही असली, तर रस्त्यावर सापडलेला कुत्रा बेवारशी ठरणार नाही. त्याचा वारस शोधून काढता येईल आणि दंड पन्नास रुपयांवर थांबणार नाही. तोवर ही तरुण मंडळी जे पाळत आहेत, तो शब्द त्यांनी दिलेला नव्हता. तो दुसऱ्यांनी देऊन मोडलेला आहे.