तांदळातलं नाव आणि पासपोर्टातलं नाव



लग्नसराई आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो, "सुनेचं नाव काय ठेवणार?" तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहायचं, पेढे वाटायचे. हौस म्हणून मलाही तो प्रसंग आवडतो. पण आता स्पष्टच लिहिते, ते नाव तांदळातच राहू द्या. कागदांवर उतरवू नका.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंची गोष्ट सांगते. शाळेच्या दाखल्यावर आणि पदवीवर माहेरचं नाव, आधार आणि बँकेत सासरचं. आडनावच नव्हे, पहिलं नावसुद्धा वेगळं. लेकीचं बाळंतपण परदेशात, म्हणून पासपोर्टला अर्ज केला. दोन्ही नावांची बाई एकच, हे सिद्ध करता करता नात तीन महिन्यांची झाली, मग आजी पोचली. तिकडे लेकीने एकटीने निभावलं.

पासपोर्टवर फोटोच्या पानाच्या तळाशी इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी असतात, बघा काढून. प्रत्येक ओळीत ४४ जागा. वरच्या ओळीत देश आणि आपलं नाव, खालच्या ओळीत पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, मुदत. विमानतळावरचं यंत्र हेच वाचतं. मी कॉमर्सची, त्यामुळे मला ते चटकन पटतं. रोजकीर्दीत एक नाव आणि खतावणीत दुसरं असेल तर मुनीम कितीही ओळखीचा असो, हिशेब जुळत नाही. अमेरिकेच्या विमानांसाठी २००९ पासून 'सिक्युअर फ्लाइट' नावाची पद्धत आहे. प्रवाशाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढं घेऊन ते संशयितांच्या यादीशी आधीच ताडून पाहतात. तिकिटावर एक आणि पासपोर्टवर दुसरं नाव असेल तर अडायला तेवढं पुरतं. त्या अधिकाऱ्यावर रागावून उपयोग नाही, समोरची बाई कोणाची सून आहे हे त्याला ठाऊक नसतं.

आडनावाचा रकाना रिकामा सोडणं हेही तसंच. "लग्नानंतर बदलायचंच आहे" म्हणून मुलींचे पासपोर्ट नुसत्या नावावर काढलेले मी पाहिलेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांना एकच शब्दाचं नाव चालणार नाही असं ठरवलं. पुढे पासपोर्टात दुसरीकडे वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर सूट दिली. अमेरिकेच्या व्हिसावर तर एकच नाव असलं की ते आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात. अर्थ काय, तर पहिलं नाव अज्ञात! आईबापांनी बारशाला एवढा घाट घातला तो यासाठी?

बरं, बदला असं सरकार म्हणतंय का? नाही. डिसेंबर २०१६ च्या नियमांनी पासपोर्टसाठी लग्नाच्या दाखल्याची सक्ती काढली. घटस्फोटित किंवा वेगळ्या राहणाऱ्या बाईला नवऱ्याचं नाव देण्याची गरज राहिली नाही, आईवडिलांपैकी एकाचंच नाव पुरेसं झालं. म्हणजे सरकार मागे सरलं, आपणच हटून बसलो आहोत. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नावही येतं. ते कोणतं लिहायचं, माहेरचं की तांदळातलं?

काही जणी म्हणतात, "नाव बदललं की मुलगी घरची होते." मला हे पटत नाही. आपल्याकडे दीक्षा घेताना नाव बदलतं, ते समजू शकतं, कारण तिथे घर, नाती, सगळं स्वखुशीने सुटतं. सून तर संसार मांडायला येते, आणि तिला कोणी विचारतही नाही.

त्याच २०१६ च्या नियमांत साधू-संन्याशांना आईवडिलांच्या जागी गुरूंचं नाव देता येईल अशी सोय आहे, मात्र तसं नाव असलेला एखादा सरकारी कागद हवा. आपले मुनी, आर्यिका, साध्वी पायीच विहार करतात, त्यांना पासपोर्ट कशाला? पण तेरापंथात आचार्य तुलसींनी १९८० मध्ये समणींची श्रेणी सुरू केली, त्यांना वाहनाची मुभा आहे आणि त्या धर्मप्रचारासाठी परदेशी जातात. संसार सोडलेल्यांचेही कागद सरळ असावे लागतात, मग आपले का नकोत?

ज्यांची नावं बदलून झाली आहेत, त्यांनी तिकीट काढायच्या आधी एका दुपारी सगळे कागद जेवणाच्या टेबलावर मांडावेत. आधार, पॅन, पासबुक, दाखला. स्पेलिंगसुद्धा ताडून बघा, एक जादा 'ए'ही खटकतो. पहिलं नावच वेगळं असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या, त्याला वेळ लागतो. पासपोर्टची मुदतही बघा, बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात. आणि नवा अर्ज करणारी साठीच्या पुढची असेल तर शुल्कात १० टक्के सूट आहे, ती सोडू नका.