घरोघरच्या वेधशाळा

मृग लागला की गावोगावी सकाळी एकच विचारपूस चालते : काल तुमच्याकडे किती झाला? कोणी म्हणतो पुष्कळ झाला, कोणी म्हणतो नुसता शिंतोडा. एखादा जुना शेतकरी, नांगर धरण्यापुरता झाला, एवढेच सांगून वाटेला लागतो. आणि त्याचे म्हणणे खोटेही नसते. परंतु 'पुष्कळ' म्हणजे किती हे दुसऱ्या गावच्या माणसाला त्यावरून उमगत नाही, आणि पुढच्या वर्षी ते आपले आपल्यालाही आठवत नाही. या प्रश्नाचे उत्तर रोज मोजून द्यावयाचे व ते सर्वांस पाहता येईल असे मांडून ठेवावयाचे, हाच ज्यांनी आपला छंद केला आहे अशी माणसे जगात हजारोंनी आहेत. त्यांच्याविषयी आज लिहावे असे आम्ही योजिले आहे.

या मंडळींच्या परसात एक खांब उभा असतो. त्यावर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या तीन वाट्या फिरत असतात, दिशा दाखविणारे पाते असते, झडपांच्या पांढऱ्या आवरणाखाली उष्णता व दमटपणा मोजण्याची साधने असतात, आणि एक पर्जन्यमापक असतो. पर्जन्यमापकाच्या आत लहान मुलांच्या सी-सॉसारख्या दोन इवल्याशा पन्हळ्या बसविलेल्या असतात. एक भरली की ती कलंडते आणि दुसरी वर येते. प्रत्येक कलंडणे म्हणजे साधारणतः मिलिमीटरचा पाचवा हिस्सा पाऊस. यंत्र ती कलंडणी मोजत बसते. खांबावरची ही सारी टिपणे घरातील संगणकाकडे जातात व तेथून इंटरनेटवरील त्या गृहस्थाच्या पानावर उमटतात. मग सातासमुद्रापलीकडचा मनुष्यही ते पान उघडून, त्या घराच्या अंगणात या क्षणी किती ऊन आहे व पहाटेपासून किती पाऊस पडला, हे वाचू शकतो.

मिलिमीटर म्हणजे काय, हे आपल्याकडे पुष्कळांना नीट ठाऊक नसते म्हणून सांगतो. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे तेथे एक लिटर पाणी पडले. शंभर चौरस मीटरांच्या कौलारू छपरावर दहा मिलिमीटरांची एक सर आली तर पागोळ्यांतून हजार लिटर पाणी खाली येते. पागोळ्यांखाली हंडे मांडून बसणाऱ्या गृहिणींनी हा हिशेब मनात ठेवण्याजोगा आहे.

आरंभी या छांदिष्टांचे एकमेकांशी ओळखपाळख होणे हे योगायोगाचे काम होते. एकाचे पान दुसऱ्याला कोणीतरी सांगावे, त्याने आपल्या पानावर शेजारच्या चार पानांची नावे द्यावी, अशा रीतीने ही मंडळी एकमेकांस सापडत. पुढे नकाशे आले. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात चाललेल्या कामातून १९९५ साली 'वेदर अंडरग्राउंड' ही संस्था निघाली व काही वर्षांनी तिने घरगुती यंत्रांची टिपणे आपल्या नकाशावर घेण्यास आरंभ केला. ब्रिटनच्या सरकारी हवामान खात्यानेही २०११ साली हौशी निरीक्षकांसाठी असेच दालन उघडले. अशा नकाशावर ठिपके दिसतात. ठिपक्यावर बोट ठेवले की त्या अंगणातील आकडे समोर येतात. युरोप-अमेरिकेत ठिपक्यांची दाटी असते, आपल्या बाजूला ते तुरळक दिसतात. कोकणपट्टीत व घाटावर तर एक ठिपका शोधावा लागतो.

असे असले तरी, सरकारी वेधशाळा असताना या उठाठेवीची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आम्ही २६ जुलै २००५ या दिवसाचे स्मरण करून देऊ. त्या चोवीस तासांत मुंबईच्या सांताक्रूझ येथील वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. त्याच शहरात कुलाब्याच्या वेधशाळेत पडला सुमारे ७३ मिलिमीटर. दोहोंमध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचे! कुलाब्यास बसलेल्या मनुष्याला, उपनगरांत आपले भाईबंद गळाभर पाण्यात उभे आहेत, हे आकाशाकडे पाहून कळणे शक्य नव्हते. शहराला दोन सरकारी वेधशाळा होत्या म्हणून निदान एवढे तरी कागदावर आले. एकच असती, आणि तीही कुलाब्याचीच असती, तर त्या दिवसाची नोंद साध्या पावसाळी दिवसासारखी झाली असती.

याच्या आठ वर्षे आधी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स या गावी असेच झाले होते. २८ जुलै १९९७ च्या संध्याकाळी गावाच्या एका अंगास काही तासांत एक फुटाहून अधिक पाऊस कोसळला, आणि त्याच गावाच्या दुसऱ्या अंगास किरकोळ सरी आल्या. स्प्रिंग क्रीक नावाच्या ओढ्याला पूर आला. ओढ्याकाठच्या वस्तीतील पाच माणसे त्यात दगावली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे तळघर पाण्याने भरले व लाखो पुस्तके भिजली. त्या विद्यापीठात हवामानाचे अभ्यासक होते, यंत्रे होती, तरीही पाऊस कोठे किती पडतो आहे याची पुरती वार्ता वेळेवर कोणालाच लागली नाही.

पूर ओसरल्यावर तेथील हवामानतज्ज्ञ नोलन डोस्केन व त्यांचे सहकारी यांनी घरोघर विचारणा केली. कोणाच्या परसात पर्जन्यमापक होता, कोणाच्या अंगणात रिकामी बादली राहिली होती. ज्याच्याकडे जे सापडले त्यावरून त्यांनी त्या रात्रीच्या पावसाचा नकाशा जुळविला. डोस्केन तेवढ्यावर थांबले नाहीत. पुराच्या आधीच ही माणसे आपल्या माहितीची का नसावीत, या विचाराने १९९८ साली त्यांनी स्वयंसेवकांचे एक मंडळ उभे केले. 'कोकोराझ' या संक्षिप्त नावाने ते प्रसिद्ध आहे. शाळकरी मुलांपासून निवृत्त वृद्धांपर्यंत कोणीही त्यात येऊ शकतो. चार इंच व्यासाची एक साधी प्लास्टिकची नळी, तीत रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाहणे व आकडा कळविणे, एवढेच काम. पुढे हे मंडळ अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत पसरले, आणि तेथील सरकारी हवामान खाते या नळ्यांचे आकडे आपल्या कामी घेते.

या मंडळाचा एक नियम आम्हाला विशेष आवडला. पाऊस पडला नाही त्या दिवशीही 'शून्य' म्हणून कळवावयाचे. कळविले नाही तर, पाऊस नव्हता की निरीक्षक झोपला होता, हे वही वाचणाऱ्यास कसे कळावे? आमच्याकडे लोक धो-धो पावसाच्या आठवणी वर्षानुवर्षे सांगतात, पण कोरड्या दिवसांची नोंद कोणी ठेवीत नाही. खरे पाहता पेरणी बुडते ती त्याच दिवसांनी.

आपल्या प्रदेशात तर पावसाचा लहरीपणा डोळ्यांनी दिसतो. सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीस वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. खानापूर तालुक्यातील कणकुंबीकडे छत्री उघडून चालवत नाही; तेथून बेळगावास यावे तो सर हलकी झालेली असते, आणि सौंदत्तीकडे गेले तर रस्त्यावर धूळ उडत असते. गोव्यात सांजांवच्या सणाला एका वाड्यावरची विहीर काठोकाठ भरलेली असते, तर शेजारच्या वाड्यावर पोरांना उडी मारण्यापूर्वी पाणी किती आहे हे बांबूने पाहावे लागते. जिल्ह्याचा एक आकडा वर्तमानपत्रात आला म्हणून त्यात आपल्या गावचा पाऊस सापडेलच असे नाही.

मात्र यंत्र आणले की काम झाले, अशी समजूत करून घेऊ नये. आमचाच अनुभव सांगतो. आम्ही मोठ्या उत्साहाने एक पर्जन्यमापक आणला आणि कोंबड्यांनी उपद्रव देऊ नये म्हणून आंब्याच्या आश्रयाला ठेवला. पंधरा दिवस आमचा आकडा शेजाऱ्यांच्या आकड्याहून कमी येत राहिला, आणि आम्ही मनातल्या मनात शेजाऱ्यांस दोष देत राहिलो. अखेर आमच्या सौभाग्यवतींनी, झाडाखाली पाऊस मोजतात का, असे विचारले तेव्हा आमचे डोळे उघडले. झाड असो वा भिंत असो, तिची उंची जेवढी त्याच्या दुप्पट अंतरावर तरी मापक असावा असा शिरस्ता आहे. कलंडणाऱ्या पन्हळ्यांच्या यंत्रात आणखी एक खोड असते : वर एक पान अडकले किंवा आत कोळ्याने जाळे विणले की बाहेर मुसळधार पडत असतानाही ते शून्य दाखवीत राहते. फार जोराच्या पावसात तर ते चांगल्या स्थितीतही थोडे मागे पडते. म्हणून जाणते लोक त्याच्या शेजारी एक साधी नळीही ठेवतात.

दुसऱ्याचे पान वाचतानाही हीच नजर हवी. यंत्र कोणते, जमिनीपासून किती उंचीवर, कशाच्या जवळ, हे ज्या पानावर लिहिले आहे व यंत्राचे छायाचित्र दिले आहे, ते पान विश्वासास पात्र समजावे. भर दुपारी एकाच अंगणातील उष्णता आसपासच्या साऱ्या ठिपक्यांहून चार-पाच अंशांनी अधिक दिसली, तर त्या गृहस्थाने उष्णतामापक बहुधा पत्र्याजवळ किंवा उघड्या उन्हात टांगला आहे असे ओळखावे. स्वतःचे पान काढणाऱ्याने गावाचे नाव जरूर द्यावे, घराचा नेमका पत्ता मात्र देऊ नये.

या छंदात पूर्वसूरींची उणीव नाही. ग्रेगोर मेंडेल यांचे नाव आनुवंशिकतेच्या अभ्यासकांना वाटाण्यामुळे ठाऊक आहे. पण ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील हे संन्यासी, पुढे तेथील मठाधिपती, रोजच्या हवेची टिपणे ठेवण्यातही तितकेच दक्ष होते. १३ ऑक्टोबर १८७० रोजी त्यांच्या मठावरून वावटळीचा प्रचंड भोवरा गेला, खिडक्यांची तावदाने फुटली, कौले आत येऊन पडली. मेंडेल यांनी तो भोवरा कोणत्या दिशेने फिरत होता हेसुद्धा पाहून ठेवले आणि पुढील वर्षी त्यावर निबंध छापला. त्यांचा वाटाण्यावरील निबंध हयातीत फारसा कोणी वाचला नाही, परंतु हवामानाच्या नोंदी त्यांनी १८८४ च्या जानेवारीत देह ठेवीपर्यंत चालविल्या.

इंटरनेटवरील काही पाने आता निश्चल झालेली दिसतात. आकडा असतो, पण तारीख तीन वर्षांपूर्वीची. खांब वाऱ्याने पडला, की घर विकले, की तो वृद्ध निरीक्षकच गेला, हे पान सांगत नाही. अशा पानावरचे जुने तक्ते आम्ही उतरवून घेतो. न जाणो, उद्या ते पानही नाहीसे व्हावयाचे.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी आजोबांनी पंचांगाच्या समासात किंवा हिशेबाच्या वहीत पावसाची टिपणे लिहून ठेवली असतील, तर ती जपून ठेवावीत व आम्हांस अवश्य कळवावे. नव्याने मोजू इच्छिणाऱ्यांनी सकाळी साडेआठची वेळ धरावी. आपल्या देशातील हवामान खातेही तीच धरते. मापक आंब्याखाली ठेवू नये.