शुद्धिपत्राची प्रतिष्ठा

संगणकाच्या एखाद्या भाषेच्या संदर्भपुस्तिकेत तोच शब्द एका पानावर तिरप्या आणि पुढच्या पानावर सरळ ठशात छापलेला आढळला, आणि ती विसंगती कोणी संबंधितांना कळविली, तर त्याची गणना छिद्रान्वेषी मंडळींत होण्याचा संभव अधिक. आशय बिनचूक असताना अक्षरांच्या वळणाचा एवढा बाऊ कशाला, असा प्रश्न विचारला जातो. तो वरवर रास्त वाटला, तरी या वाङ्मयाचा धर्म विसरणारा आहे.

कथा-कादंबरीतील मुद्रणदोष वाचक मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. यंत्राला ती मुभा नाही. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'पायथन' भाषेत ओळीच्या आरंभी सोडलेली मोकळी जागा हा व्याकरणाचाच भाग होय. मजकुराभोवतीच्या सरळ अवतरणचिन्हांच्या जागी मुद्रणात शोभणारी वळणदार चिन्हे आली, तर यंत्र ती ओळ नाकारते. उदाहरण जसेच्या तसे उतरवून घेणारा नवशिका विद्यार्थी अशा वेळी छापील शब्दावर संशय घेत नाही. तो स्वतःच्या बुद्धीला दोष देतो. खरी हानी ती हीच.

डोनाल्ड क्नूथ यांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ मध्ये निघाला. त्यातील चूक, मग ती मुद्रणाची का असेना, प्रथम दाखवून देणाऱ्यास ते २ डॉलर ५६ सेंट देत आले. बँकेतील लबाडीच्या भयाने २००८ मध्ये त्यांनी खरे धनादेश थांबविले आणि एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे देण्यास प्रारंभ केला. तरीही त्या कागदाचे मोल उणावले नाही. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ मध्ये मनास न आल्याने याच विद्वानाने 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली निर्माण केली, हे विसरता येत नाही.

अर्थात दुसरी बाजूही आहे. अशा पुस्तिकांची देखभाल पुष्कळदा स्वयंसेवकच करतात. मोघम तक्रारींनी त्यांचा वेळ खर्ची पडतो. शिवाय प्रत्येक भेद हा दोष नसतो. पायथनच्या पुस्तिकेत प्राचलांची नावे तिरप्या ठशात आणि प्रत्यक्ष लिहावयाचे शब्द सारख्या रुंदीच्या ठशात देण्याचा संकेत आहे. तो जाणून न घेता केलेली सूचना निरर्थक ठरेल. पान कोणते, आवृत्ती कोणती, छापले काय आणि हवे काय, एवढे नेमकेपणाने सांगणे हे सूचकाचे कर्तव्य होय.

पायथनचे चालक पुस्तिकेतील उणिवा कळविण्याचे आवाहन स्वतःच करतात. त्या आवाहनास प्रतिसाद देण्यास पांडित्य लागत नाही, सावध वाचन लागते. वर्गात संगणक शिकविणाऱ्या शिक्षकांनी ही सवय विद्यार्थ्यांना अवश्य लावावी. छापलेले सारे प्रमाण मानणाऱ्या आपल्या शिक्षणपद्धतीत तिची निकड अधिकच आहे.