चारही चाकांचा जोर: केव्हा जोडावा, केव्हा सोडावा



गेल्या महिन्यात शिरवळजवळच्या एका वस्तीवर उसातील खोडकीड पाहायला गेलो होतो. फडातून बाहेर आलो तो अंगणात मोटारगाडी उभी. घरधन्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्याने ती जुन्यात घेतलेली. गियर आपोआप बदलणारी आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी. चहा घेता घेता घरधनी म्हणाले, "साहेब, गाडी झकास आहे, पण डिझेल फार पिते. एक मिस्त्री म्हणतो, मागचा शाफ्ट काढून टाकू, नुसत्या पुढच्या चाकांवर चालेल. आपण ट्रॅक्टरचा दांडा सोडतो, तसंच की हे. सोमवारी गाडी त्याच्याकडे टाकायची आहे. काय करावं?"

त्यांना तिथे जे सांगितले तेच आज आपल्याला सांगतो. कारण मोटार सगळ्यांकडे नसली, तरी चारही चाकांवर चालणारे ट्रॅक्टर आता गावोगावी आले आहेत, आणि दांडा केव्हा जोडावा, केव्हा सोडावा याविषयी घोळ बराच आहे.

आधी बैलांचे उदाहरण घेऊ. काळ्या रानात खोल नांगरट करायची तर आपले वाडवडील नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपत. पण बाजाराला गाडी न्यायची तर बैल दोनच. सडकेवर जादा बैल जुंपून उपयोग नाही, उलट ते एकमेकांना ओढतात. चारही चाकांच्या जोराचेही तसेच आहे. चिखलात, ओल्या रानात, चढावर मागची चाके जागच्या जागी फिरू लागली की पुढची चाके ओढायला धावून येतात. कोरड्या डांबरी सडकेवर त्यांचे काम नसते.

नुसते काम नसते एवढेच नव्हे, नुकसानही होते. ते असे. खळ्यावर पात धरली की तिवड्याजवळच्या बैलाला थोडे चालावे लागते आणि कडेच्या बैलाला जास्त. गाडी वळते तेव्हाही चारही चाके सारखे अंतर चालत नाहीत. पुढची चाके मोठ्या फेऱ्यातून जातात, मागची आतून. दांडा टाकून पुढचा व मागचा आस दातांनी एकमेकांत घट्ट बांधला, तर दोघांना सारखेच फिरावे लागते. चिखलात चाक जरासे घसरते आणि फरक निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, मग सारा पीळ गियरच्या दातांवर व शाफ्टवर बसतो.

ट्रॅक्टरमध्ये आणखी एक गोष्ट आहे. पुढची चाके लहान असतात, आणि दात असे बसवलेले असतात की ती मागच्या चाकांपेक्षा किंचित पुढे धावावीत. साधारणपणे शंभरात एक ते पाच एवढे. रानात यामुळे ट्रॅक्टर चांगला ओढतो. पण सडकेवर तेच टायर रोज थोडे थोडे खरडत जातात आणि पुढच्या टायरची नक्षी वेळेआधी संपते. म्हणून टायर बदलताना कंपनीने सांगितलेलेच माप घ्यावे. मागचे एका मापाचे आणि पुढचे स्वस्त मिळाले म्हणून दुसऱ्या मापाचे, असे करू नये. त्याने पुढच्या-मागच्या चाकांचे गणितच बिघडते.

ही अक्कल मला पुस्तकातून आली नाही. नोकरीला लागलो तेव्हा कार्यालयाला जुन्या धाटणीची जीप होती. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली. गियरच्या दांड्याशिवाय पुढच्या चाकांचा दांडा वेगळा. एकदा पावसात शिवारातून बाहेर पडताना मी तो ओढला, आणि तसाच सडकेने मैल-दोन मैल वळणे घेत आलो. स्टेअरिंग जड झाले. दांडा सोडू गेलो तर सुटेना. चालकमामा हसले आणि म्हणाले, "साहेब, पीळ बसलाय. सरळ रेषेत जरा मागं घ्या." चार हात मागे घेतली, दांडा अलगद सुटला. आपल्यावर ही वेळ आली तर दांड्यावर पाय देऊन जोर करू नका, हाच उपाय करा.

तेव्हा ट्रॅक्टरवाल्यांनी नियम ध्यानात ठेवावा: रान सोडून सडकेला लागताना दांडा सोडावा.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो जिवाशी गाठ असलेला आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. आस जोडलेला असला की पुढची चाकेही रोखायला मदत करतात. म्हणून भरलेली ट्रॉली घेऊन तीव्र उतार उतरायचा असेल, मग तो खंबाटकीकडचा असो की मांढरदेवच्या घाटातला, तर ट्रॅक्टरच्या पुस्तकात तसे सांगितले असल्यास उताराला लागण्यापूर्वी आस जोडून घ्यावा. काही ट्रॅक्टरांत ब्रेक दाबताच तो आपोआप जोडला जातो. उतरताना गियर खालचाच ठेवावा, डिझेल वाचवायला ट्रॅक्टर न्यूट्रल कधीही करू नये, आणि दोन्ही ब्रेक पेडलांची कडी लावलेली असावी. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर एका अंगाला फिरतो, मग ट्रॉली आवरत नाही. उतार संपला की दांडा पुन्हा सोडावा.

आता मोटारीकडे वळू. चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्या मोटारी एका जातीच्या नसतात.

पहिली जात दांडा किंवा खटका असलेली. २०२० साली आलेल्या थारमध्ये गियर ऑटोमॅटिक घेतला तरी जोर दोन चाकांना की चार चाकांना हे ठरवायचा दांडा वेगळा होता. दोन चाकांवर टाकली की तिची मागची चाके ओढत, पुढची नव्हे. २०१४ साली आपल्याकडे आलेल्या चार चाकांच्या डस्टरला फिरवायचा खटका होता. त्यात दोन चाके, आपोआप आणि कायम जोडलेली अशा तीन जागा होत्या. दोन चाकांवर ठेवली की ती पुढच्या चाकांवर चाले. तिचे गियर मात्र हाताने बदलावे लागत. अशा गाड्यांत चाके बदलायची सोय बनवणाऱ्यानेच दिलेली असते. ती पुस्तकात सांगितल्याप्रमाणे खुशाल वापरावी.

दुसरी जात आपल्या घरधन्यांच्या गाडीसारखी. दांडा नाही, खटका नाही. तिचे इंजिन मुळात पुढच्या चाकांनाच ओढायला लावते. मागच्या आसाजवळ एक क्लच असतो. प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातो, आणि पुढचे चाक घसरते आहे असे दिसले की तो क्लच आवळला जाऊन मागच्या चाकांना जोर मिळतो. कोरड्या सडकेवर सरळ जाताना बहुतेक जोर पुढेच असतो. म्हणजे मिस्त्री जे करून देणार म्हणतो, ते ही गाडी चांगल्या सडकेवर बव्हंशी स्वतःच करते.

मग शाफ्ट काढून काय मिळेल? थोडे वजन कमी होईल, थोडे घर्षण वाचेल. पण मागचा आस, क्लच, पुढची दातांची पेटी तशीच राहते, म्हणून डिझेलची बचत किरकोळ. उलट शाफ्टची जागा मोकळी राहिली तर काही गाड्यांत तेथून तेल गळते. चाकांचा वेग मोजणारी तीच यंत्रणा ब्रेकच्या आणि गाडी घसरू न देण्याच्या व्यवस्थेलाही लागते. फ्यूज काढून किंवा तारा तोडून हा उद्योग केला, तर ऐन वेळी ती व्यवस्था बंद पडू शकते. हमी असेल तर तीही जाते.

तिसऱ्या जातीत दोन्ही आसांना कायम जोर असतो आणि मध्ये डिफरन्शियल असते. पाटाला दोन तोंडे असून एक फोडून मोकळे सोडले, तर सारे पाणी तिकडूनच वाहते. अशा गाडीचा एक शाफ्ट काढला तर सारा जोर मोकळ्या बाजूला निघून जाऊ शकतो, आणि गाडी जागची हलणार नाही.

डिझेल वाचवायचेच असेल तर टायरमध्ये हवा बरोबर ठेवावी, एअर फिल्टर साफ ठेवावा, वेग आवरावा. आणि चारही टायर एका मापाचे, सारखेच झिजलेले असावेत. एकच नवा टायर बसवला तर चाकांच्या फेऱ्यांत फरक पडतो आणि मागचा क्लच तापत राहतो.

आणखी एक. अशी गाडी बंद पडली तर गावात लगेच दोर बांधून ट्रॅक्टरला जोडतात. ऑटोमॅटिक गियरपेटीत तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली तर आतले भाग कोरडे फिरतात. चार चाकांच्या गाडीची दोनच चाके उचलून ओढणे तर आणखी वाईट. ती पूर्ण उचलून गाडीवर घालूनच न्यावी. ढकलून चालू करायचा प्रयत्नही व्यर्थ.

चारही चाके ओढतात म्हणून गाडी लवकर थांबते, असेही समजू नका. निघताना त्यांचा उपयोग होतो. पावसात महामार्गावर थांबायचे असते ते टायर आणि ब्रेक यांच्याच भरवशावर.

हे सगळे ऐकून घरधनी गप्प झाले. दाराशी उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "ट्रॅक्टरला दांडा आहे म्हणून आपण सोडतो. या गाडीला दांडाच दिलेला नाही, तर सोडायचं कशाला?"

एवढ्या वेळात मी जे सांगितले ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. गाडी सोमवारी मिस्त्रीकडे गेली नाही. मुलाने कप्प्यातले पुस्तक काढून वाचले, तेव्हा कळले की एका मागच्या चाकाला भलत्याच मापाचा टायर आहे. जुन्या मालकाने बसवला असावा. तो बदलून घ्यायचे ठरले.

आपल्या घरी ट्रॅक्टर असेल तर आज संध्याकाळी एवढे पाहा: पुढचा दांडा सहज पडतो-सुटतो का, ब्रेक पेडलांची कडी जागेवर आहे का, आणि ट्रॅक्टरचे पुस्तक घरात कुठे आहे.

रामराम.