दत्तकाला करसवलत : शेतकऱ्याच्या पदरात काय?

अमेरिकेत मूल दत्तक घेणाऱ्या कुटुंबाला आयकरात सूट मिळते. १९९७ पासून ही सवलत चालू आहे. २०२५ सालासाठी ती एका मुलामागे जास्तीत जास्त १७,२८० डॉलर ठरली. पण तिच्यात एक मेख होती. मधली एकदोन वर्षे सोडली तर ही सूट फक्त भरायच्या करातून वजा व्हायची. ज्याला करच बसत नाही, त्या गरीब घराच्या हातात काही पडत नसे. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारने कायदा बदलला. आता त्यातले ५,००० डॉलरपर्यंत कर नसला तरी रोख मिळतात.

आपल्याकडेही असे काही व्हावे, असे कोणालाही वाटेल. परंतु नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आयकराच्या सवलतीचे करायचे काय? शेतीचे उत्पन्न मुळातच आयकरमुक्त. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावरचा कर शून्यावर आणला, म्हणजे गावातले पगारदारही बरेचसे सुटले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शेतकऱ्याला कर लागतो तो दुसऱ्या दारात, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. आणि दत्तकाचा खरा हिशेब तिथेच आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे.

आपल्याकडे पुतण्या किंवा भाचा सांभाळणारी घरे गावोगाव सापडतात. भावाने पोर ओटीत घातले, चार पाहुण्यांसमोर पेढे वाटले, पोराने बारा-पंधरा वर्षे औत हाकले, पाणी धरले. सगळा गाव त्याला ‘त्यांचा मुलगा’ म्हणतो. कागद मात्र नाही. पुढे चुलता म्हणतो, हयातीतच दोन एकर पोराच्या नावे करू. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, नवरा, बायको, नातवंडे यांना बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (नोंदणी फी, अधिभार निराळे). पुतण्या या यादीत नाही. त्याला बाजारमूल्यावर शेकड्याने शुल्क पडते. जमिनीचे मूल्य २० लाख आणि शेकडा चार धरले तरी ८० हजार झाले. कायदेशीर दत्तक झालेला मुलगा मात्र सर्व कामांसाठी मुलगाच, त्यामुळे त्याचे काम २०० रुपयांत होते. म्हणजे करसवलत आपल्याकडे आहेच. ती कागद असलेल्याला मिळते.

कोणी म्हणेल, मृत्युपत्र करा की, त्याला मुद्रांक लागत नाही. जरूर करावे. पण मृत्युपत्राने जमीन मिळते, मुलाचे नाते मिळत नाही. कृषी खात्याकडे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे प्रस्ताव येतात. अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात, आणि तिथे वारस कोण हा पहिला प्रश्न असतो. गाव नमुना सहा-क वर नाव नसेल तर ‘साऱ्या गावाला ठाऊक आहे’ हे उत्तर फायलीत बसत नाही. ज्याने शेत राखले तो बाहेर राहतो आणि कधी न फिरकलेले दूरचे वारस पुढे येतात.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे मूल १५ वर्षांच्या आतले व अविवाहित हवे. आपल्या भागातल्या जुन्या रूढीने मोठ्या वयाचे दत्तकही झालेले आहेत, पण ती रूढी कोर्टात शाबीत करत बसावे लागते, म्हणून वेळेत केलेले बरे. दत्तक घेणाऱ्या नवऱ्याला बायकोची संमती लागते, आणि देणाऱ्या आई-बाप दोघांचीही. स्वतःला मुली असल्या तरी मुलगा दत्तक घेता येतो. मुलगी दत्तक घेणारा पुरुष तिच्यापेक्षा किमान २१ वर्षांनी मोठा हवा, मुलगा घेणाऱ्या बाईलाही तोच नियम. प्रत्यक्ष देणे-घेणे झाले पाहिजे. दत्तकपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सहीचे नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर दत्तक कायदेशीर झाले असे कोर्ट धरून चालते. नाही म्हणणाऱ्याने ते खोडून दाखवायचे.

मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांनाही बालन्याय कायद्याने दत्तक घेता येते. नगरच्या स्नेहालय संस्थेच्या स्नेहांकुर केंद्रासारख्या ठिकाणचे बाळ हवे असेल तर ‘कारा’च्या पोर्टलवर नोंदणी करावी. परस्पर देवाणघेवाण करू नये, पैसे तर मुळीच देऊ नयेत, तो गुन्हा आहे.

आता काही जण हुशारी करतील. मुद्रांक वाचवायला पुतण्या ‘दत्तक’ दाखवू म्हणतील. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एकदा झालेले दत्तक रद्द करता येत नाही, आणि आधीच त्याच्या मालकीचे झालेले सोडले तर जन्मघरातला वारसहक्कही संपतो. तलाठी भाऊसाहेबांनीही (नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले) तोंडी सांगण्यावर नोंद न घेता दत्तकपत्र मागावे, आणि नसेल तर ते करायचा सल्ला द्यावा.

शासनाला मनात आणले तर हे सोपे करता येईल. बांधाची भांडणे मिटावीत म्हणून २०२३ मध्ये सलोखा योजनेत अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक हजार रुपयांवर आणला. २०२५ मध्ये शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ केली. तसे दत्तकपत्राचेही करावे. माझ्या मते आणखी पुढे जाऊन, आई-बाप गेलेल्या पुतण्या-भाच्यांना दिलेल्या शेतजमिनीलाही २०० रुपयांची सवलत लावावी. त्या पोरांना दत्तक घेणे दर वेळी शक्य नसते, कारण संमती द्यायला आई-बापच उरलेले नसतात आणि मग कोर्टाच्या परवानगीने पालकाला पुढे यावे लागते.

अशा पोरांना सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना २,२५० रुपये केली. दत्तक न घेताही ती मिळू शकते. आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलाचे आधार, शाळेचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करावा. अंगणवाडी ताईंना गावातली अशी मुले माहीत असतात, ग्रामसभेत त्यांची यादी एकदा वाचून घ्यावी.